सेकंडहँड इंजिन घेताय? पैसे मोजण्याआधी धूर पाहा
काळा, निळा की पांढरा? रंगाइतकीच धूर येण्याची वेळही महत्त्वाची

परभणी : कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात कोळपणीला पॉवर विडर, फवारणीला पेट्रोल पंप आणि पाण्याला डिझेल इंजिन आता नेहमीचे झाले आहे. नवे परवडत नसेल तर जुने घेतले जाते. दोरी ओढली, इंजिन सुरू झाले की सौदा पक्का! धूर दिसतो तो घरी आल्यावर. मग कोणी म्हणते फिल्टर बदला, कोणी म्हणते इंजिनचे काम काढा. पहिल्याचा खर्च किरकोळ, दुसऱ्याचा कधीकधी इंजिनच्या किमतीइतका. म्हणून धूर ओळखायला शिकणे फायद्याचे.

इंजिन थंड आहे ना?
विकणाऱ्याने तुम्ही येण्याआधीच इंजिन चालवून ठेवले असेल, तर सुरुवातीचा धूर दिसणारच नाही. त्यामुळे सुरू करण्याआधी इंजिनजवळ हात नेऊन पाहा. गरम लागले तर थंड होईपर्यंत थांबा. इंजिन नेहमी उघड्यावरच सुरू करा. बंद खोलीत साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, पण तो जीवघेणा असतो.

काळा धूर : इंधन जास्त, हवा कमी
काळ्या मातीची धूळ बसून एअर फिल्टर गच्च होतो. फिल्टर काढून साफ करा आणि पुन्हा पाहा. पेट्रोल इंजिनमध्ये चोक अर्धवट बंद राहिला किंवा कार्ब्युरेटर बिघडला तरी काळा धूर येतो. डिझेल इंजिनमध्ये नोझल खराब असणे किंवा ताकदीपेक्षा जास्त लोड देणे ही कारणे असतात. हा दोष बहुधा कमी खर्चात निघतो. मात्र फिल्टर फाटलेला असेल तर सावध व्हा. त्यातून आत गेलेली धूळ पिस्टन रिंग आणि सिलिंडर घासून काढते.

निळा धूर : ऑइल जळतेय
इथे धूर कधी येतो ते नीट पाहा.
● सुरू करताना एकदाच भपकारा येऊन थांबला, तर व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल झिरपत असावे.
● रेस वाढवताना किंवा लोडवर धूर वाढत गेला आणि थांबलाच नाही, तर रिंग किंवा सिलिंडर झिजल्याची शक्यता जास्त. खर्च इथेच मोठा.
● यंत्र टेम्पोत आडवे टाकून आणले असेल तर ऑइल सिलिंडरमध्ये शिरते. यंत्र सरळ ठेवून काही मिनिटे चालवल्यावर धूर निवळतो.
● ऑइल खुणेच्या वर भरले असेल तरीही निळा धूर येतो. जास्तीचे काढले की प्रश्न मिटतो.

पांढरा धूर : वाफ की बिघाड?
डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा १० अंशांच्या खाली उतरतो. अशा सकाळी सायलेन्सरमधून निघून लगेच विरणारी पांढरी वाफ हा दोष नव्हे. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनमध्ये गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला, पाणी कमी होऊ लागले आणि ऑइल दुधाळ दिसले, तर हेड गॅस्केट तपासा. डिझेल इंजिनमध्ये न जळलेले डिझेलही पांढरा धूर देते. तेव्हा नोझल, टायमिंग आणि कॉम्प्रेशन पाहावे लागते.

फवारणी पंपाचे गणित वेगळे
टू-स्ट्रोक इंजिनमध्ये पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात, त्यामुळे हलका निळसर धूर असणारच. प्रमाण ५०:१ असेल तर १ लिटर पेट्रोलला २० मिली, २५:१ असेल तर ४० मिली ऑइल लागते. आपल्या यंत्राचे प्रमाण पुस्तिकेत पाहा. धूर कमी व्हावा म्हणून ऑइल कमी केले तर पिस्टन जाम होतो.

इंजिन खोलण्याआधी चार गोष्टी
१. ऑइलची पातळी आणि रंग पाहा. दुधाळ ऑइल म्हणजे आत पाणी शिरले आहे.
२. एअर फिल्टर उघडा.
३. पेट्रोल इंजिन असेल तर थंड झाल्यावर प्लग काढा. टोक तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काजळी असेल तर इंधन जास्त. ओलसर, तेलकट काळे असेल तर ऑइल जळतेय.
४. कॉम्प्रेशन मोजून घ्या. कमी भरले तर प्लगच्या छिद्रातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर दोष रिंग-सिलिंडरकडे, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटकडे.

अगदी ताजे, घट्ट ऑइल भरलेले दिसले तर कारण विचारा. घट्ट ऑइलने निळा धूर काही काळ दबतो. म्हणून इंजिन पंधरा-वीस मिनिटे लोडवर चालवून पाहा. काळा धूर असेल तर भाव कमी करून मागता येईल. लोडवर निळा धूर थांबतच नसेल, तर आधी मिस्त्रीकडून दुरुस्तीचा खर्च विचारा, मगच किंमत बोला. विकणारा एवढा वेळ चालवू देत नसेल, तर दुसरे इंजिन बघितलेले बरे.