स्थानिक ज्ञानाची कसोटी

परदेशी मदतीच्या बांधकामांत ‘स्थानिक ज्ञाना’चा गौरव हमखास होतो, ते ज्ञान कुठे पुरते आणि कुठे थिटे पडते, हे मात्र क्वचितच तपासले जाते. बांगलादेशातील दिनाजपूर जिल्ह्यातल्या रुद्रपूर गावची मेटी शाळा म्हणूनच अभ्यासण्यासारखी आहे.

शाळेच्या वास्तुरचनाकार अ‍ॅना हेरिंगर १९९७ मध्ये ‘दीपशिखा’ या संस्थेच्या स्वयंसेविका म्हणून या भागात राहिल्या होत्या. मातीची घरे बांधणे गावाला नवे नव्हते. पण पायाविना उभ्या भिंतींत जमिनीची ओल चढे आणि घर लवकरच दुरुस्तीला येई. २००५ मध्ये शाळेचे काम सुरू झाले तेव्हा माती, पेंढा आणि चिखल तुडवणारी जनावरे गावाचीच राहिली. हेरिंगर आणि आइके रोझवाग यांनी भर घातली ती विटांच्या पायाची, ओल अडवणाऱ्या थराची आणि वरच्या मजल्याच्या बांबूकामातील नव्या जोडणीची. गावच्या कारागिरांनी हे सारे काम करता करताच आत्मसात केले. २००७ मध्ये या शाळेला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

बाहेरून सिमेंट-पोलाद आणले असते, तर बराचसा पैसा त्याच वाटेने बाहेर गेला असता. इथे तो मजुरीच्या रूपाने गावात राहिला, आणि त्याच्याबरोबर कसबही. प्रकल्पाची खरी परीक्षा पाहुणे तज्ज्ञ परतल्यावर होते: भिंतीला तडा गेला, तर तो बुजवणारे हात गावात आहेत का?