वस्ती हरवते, माणसे हरवत नाहीत

१५८७ साली शंभरावर इंग्रज स्त्री-पुरुष अमेरिकेच्या किनाऱ्यावरील रोआनोक बेटावर राहायला गेले. त्यांचा प्रमुख जॉन व्हाइट रसद आणायला मायदेशी परतला आणि युद्धामुळे तिकडेच अडकला. १५९० च्या ऑगस्टमध्ये तो आला तेव्हा वस्ती ओस पडली होती. तिथेच जन्मलेली त्याची नातही नव्हती. कुंपणाच्या खांबावर एकच शब्द कोरलेला होता : ‘क्रोएटोअन’. हे जवळच्या एका बेटाचे नाव. वादळामुळे व्हाइटला तिथे जाता आले नाही. या कोड्यावर आजवर कितीतरी कादंबऱ्या लिहिल्या गेल्या.

पण त्या बेटावर तिथले मूळ रहिवासी होते. ‘गोरे कुठे गेले?’ असे विचारताना ‘तिथे आधी कोण होते?’ हा प्रश्न मागेच राहतो.

आपल्या रायगड जिल्ह्यातले चौल पाहा. प्रवासी अल-मसूदी हिजरी ३०४ मध्ये सैमूरला आला होता. अभ्यासक सैमूर म्हणजेच चौल मानतात. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान असल्याचे तो लिहितो. काही इथेच जन्मलेले, काही सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले. त्यांचा न्यायनिवाडा राजाने त्यांच्यातल्याच एका प्रमुखाकडे सोपवला होता. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी शेजारी रेवदंड्याला तटबंदीचे शहर उभारले. १७४० मध्ये ते मराठ्यांकडे गेले. आज तटाच्या आत नारळी-पोफळीच्या बागा आणि पडकी चर्च आहेत.

मग सगळेच नाहीसे झाले का? नाही. खाडीपलीकडच्या कोर्लईत सुमारे हजार माणसे आजही पोर्तुगीज आणि मराठीच्या मिलाफातून बनलेली बोली घरात बोलतात. राज्य गेले, पण चुलीपाशी बोली उरली.

ऐतिहासिक कथा लिहू पाहणाऱ्या तरुणांनी एवढे पथ्य पाळावे : सन आणि ठिकाण बदलू नये, इतिहास जिथे गप्प आहे तिथेच कल्पना चालवावी, आणि राजा-सरदारांबरोबर पाणी भरणाऱ्या बाईलाही कथेत जागा द्यावी.

सामग्री दूर नाही. महर्षी कर्व्यांच्या आश्रमाचे हिंगणे आज कर्वेनगर म्हणून ओळखले जाते. जुने नाव नव्या पिढीच्या तोंडून निसटत चालले आहे. कोकणातून पुण्यात आलेल्या आपल्या घरांतही असेच आहे. दादी-नानीला विचारा : आपले मूळ गाव कोणते, आडनाव कुठून आले, कोणता शब्द आता कुणी वापरत नाही? उत्तर आजच वहीत उतरवून ठेवा. रोआनोकला मागे एकच शब्द उरला होता. आपल्याकडे सांगणारी माणसे अजून आहेत.