ळ जळगावचा की हुबळीचा?

दिवाळीत सुरतेला मुलाकडे गेले होते. सून हुबळीची, कन्नड बोलणारी. नातू शाळेत गुजराती कक्को शिकतोय. मराठी बोलतो, पण वाचता येत नाही. ती रुखरुख मनात, म्हणून बेळगावहून अंकलिपी नेली होती.

'त तलवारीचा' म्हटलं, तर म्हणतो कसा, "आजी, त तापीचा!" खरंच की! रोज पुलावरून तापी बघतो. तलवार बघितलीय कुठं?

मग जुन्या वहीत आम्ही आपलीच अंकलिपी केली. त तापीचा, म मलप्रभेचा. नकाशावर बोट फिरवताना स्वारी गोंधळली. तापी मुलताईहून निघून थेट अरबी समुद्राला मिळते. आपली मलप्रभा खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते, समुद्र तिथून एवढा जवळ, तरी ती पूर्वेला कृष्णेकडे जाते. "तिला कुणी सांगितलं नाही?" सह्याद्रीचा उतार समजावताना माझीच उजळणी झाली.

अडलं ते 'ळ'वर. मराठी, कन्नड, गुजराती, तिन्हींत हे अक्षर आहे, पण त्यानं सुरू होणारा शब्द सापडेना. मी म्हटलं, "ळ जळगावचा." स्वयंपाकघरातून सून म्हणाली, "अत्ती, ळ हुबळीचा!"

ते पान अजून कोरंच आहे. मे महिन्यात मंडळी बेळगावला येणार आहेत, तेव्हा बघू.