कबाड्याला देण्याआधी

मृगाच्या चार सरी पडल्या की धरमपेठेतल्या उरल्यासुरल्या बंगल्यांची अंगणं पाहता पाहता हिरवी होतात. नागपूरच्या उन्हात (मे २०१३ मध्ये इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता) करपलेली हराळीसुद्धा जमिनीखालच्या काड्यांतून पुन्हा फुटते. मग जिन्याखाली पडलेली गवत कापायची हातमशीन बाहेर निघते. ढकलून पाहावं तर ती गवत कापत नाही, नुसतं लोळवते. ‘धार गेली’ असा निकाल लागतो आणि मशीन कबाड्याच्या गाडीवर चढते. बंगला पाडून जिथे फ्लॅट स्कीम झाली, तिथे तर ती केव्हाच गेली.

धारेबद्दलचा हा निकाल बहुतेक वेळा घाईचा असतो.

या मशीनचं मूळ इंग्लंडमधल्या स्ट्राउड गावाजवळच्या कापड गिरण्यांत आहे. लोकरी कापडावरची लव कातरायला तिथे फिरत्या पात्यांचं यंत्र असे. एडविन बडिंग या कारागिराने तीच युक्ती गवताला लावली आणि १८३० मध्ये पेटंट घेतलं. जमीनदारांना मशीन ढकलताना करमणूक आणि व्यायाम दोन्ही मिळतील, असंही त्याने पेटंटात नोंदवलं. आपल्याकडे ही करमणूक माळ्याच्या वाट्याला आली आणि मोठ्या बागांत बैलांच्या! स्क्रू पान्याची एक सुधारित रचनाही बडिंगच्याच नावावर आहे. मशीन आणि ती खोलायचा पाना, दोन्हींत एकाच माणसाचं डोकं.

फिरती पाती आणि त्यांच्या खालची स्थिर पट्टी मिळून कात्रीसारखं काम करतात. पट्टी जराशी खाली सरकली, की पाती कितीही धारदार असोत, गवत मधल्या फटीत दुमडतं. म्हणून आधी पाहायची ती फट. पट्टीच्या दोन्ही टोकांचे स्क्रू थोडे थोडे आवळायचे, वर्तमानपत्राच्या कागदाची चिंधी मध्ये धरायची आणि बोटं दूर ठेवून पात्यांचा रूळ हळू फिरवायचा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कागद साफ कापला गेला, तर मशीनला बाकी काही झालेलं नाही. अनेक मशीन या एवढ्यावरच चालू लागतात.

कागद कुठे कापला गेला आणि कुठे नुसता चुरगळला, तर मात्र धार लावायला हवी. त्यासाठी इंजिनाचे व्हॉल्व घासायला गॅरेजवाले वापरतात तीच पेस्ट चालते. ती पात्यांच्या कडांना लावायची, एका बाजूचं चाक काढून रुळाच्या दांड्याला मूठ बसवायची आणि रूळ उलटा फिरवायचा. पाती आणि पट्टी एकमेकांना घासून बरोबर जुळतात. नंतर रॉकेलने सगळं स्वच्छ धुवायचं, कारण बेअरिंगमध्ये राहिलेली पेस्ट बेअरिंगच खाते.

उरलेलं सामान सायकलच्या दुकानात मिळतं. काही मशीनमध्ये छर्रे सायकलच्याच मापाचे असतात. जुना छर्रा नमुन्याला न्यावा. दांड्याला सायकलच्या ग्रिप चढतात. चाकं ओल्या गवतावर घसरत असतील, तर त्यांच्यावर जुन्या ट्यूबची पट्टी ताणून बसवायची. पाती फिरतात ती चाकांच्या जोरावर, त्यामुळे चाक घसरलं की कापणंही थांबतं. मागचा लाकडी रूळ कुजला असेल, तर नळकामाच्या प्लॅस्टिक पाइपाचा तुकडा पुष्कळ वर्षं पुरतो.

एवढं करूनही गुडघाभर वाढलेल्या गवतात ही मशीन अडतेच. ते आधी विळ्याने उतरवावं लागतं आणि पुढे एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापू नये, असं बागकामातले जाणकार सांगतात.

विजेच्या मशीनबाबत हा घरगुती उत्साह आवरलेला बरा. तिचं पातं तडकलं तर ते वेल्डिंग करून पुन्हा लावू नये, नवंच बसवावं. वेगात फिरताना तुटलेला तुकडा गोळीसारखा सुटतो. आणि गवत कापताना वायरच कापली गेली, तर चिकटपट्टीचा जोड देऊन तीच वायर पावसाळी अंगणात ओढत नेण्यापेक्षा सरळ नवी वायर आणावी.