अलोऱ्यातल्या दुकानाला फॉलोअर किती लागतात?



"सर, रीच कसा वाढवायचा?" हा प्रश्न मला आठवड्यातून चारदा तरी येतो. मी उलट विचारतो, "मागच्या पोस्टवरून फोन किती आले?" मग समोर शांतता.

माझं दुकान अलोऱ्यात. किराणा आणि जोडीला आगळ, आमसुलं, कुळथाचं पीठ, फणसपोळी. कोयना प्रकल्पाची वसाहत भरलेली होती तेव्हा वडिलांना जाहिरातीची गरजच नव्हती. पगार झाला की गिऱ्हाईक दारात. पुढे प्रकल्पाची कामं संपत गेली, कुणाची बदली झाली, कुणी रिटायर झालं, क्वार्टर्स रिकामी होत गेली. जे उरले त्यांच्या हातात मोबाईल आला. आता ऑनलाइन कंपनीचं खोकं घेऊन डिलिव्हरीवाला माझ्याच दुकानात पत्ता विचारतो. मी सांगतोही. काय करणार! मध्यंतरी गाळा भाड्याने देऊन टाकू, इथपर्यंत घरात बोलणं आलं होतं.

बीबीए झालेलं असल्यामुळे मी आधी नको तो शहाणपणा केला. फेसबुक पेज काढलं, आगळाच्या बाटलीचा झकास फोटो टाकला आणि दोन हजार रुपये भरून पोस्ट बूस्ट केली. लाईक पाचशेच्या वर. ऑर्डर एक, ती मावसभावाची. जाहिरात कुणाला दाखवायची, तिथे मी अख्खा महाराष्ट्र निवडला होता. ज्याच्या घरी सोलकढी होतच नाही, त्याने आगळाचा फोटो बघून अंगठा दाबला आणि पुढे गेला. चूक माझी होती. शिवाय एका बाटलीला बाटलीपेक्षा कुरिअर महाग पडत होतं, हे मी आधी मोजलंच नव्हतं.

ऑनलाइन विक्री म्हणजे काय, हे मला आपल्याच जिल्ह्यातल्या आंबा बागायतदारांकडे बघून कळलं. २०२० च्या मार्चअखेर लॉकडाऊन लागला आणि हापूसचा हंगाम तोंडावर. एरवीची रीत म्हणजे पेटी वाशीला दलालाकडे पाठवायची आणि पट्टीवर जो भाव येईल तो घ्यायचा. ती साखळीच अडखळली. तेव्हा कित्येक बागायतदारांनी मुंबई-पुण्यातल्या नातेवाईकांना व्हॉट्सअॅप केले. त्यांनी ते आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकले, एकाने सगळ्यांच्या ऑर्डर गोळा केल्या आणि पेट्यांचा टेम्पो थेट गेटवर. एकाच ठिकाणी तीस-चाळीस पेट्या उतरल्या की वाहतूक परवडते, हे यातलं खरं गणित. आणि आंबा कोण खातं, हे बागायतदाराला पहिल्यांदाच नावानिशी कळलं. पुढच्या वर्षी त्याच नंबरवर मेसेज. हापूसला २०१८ मध्ये जीआय मिळालं, ते चांगलंच झालं, पण बाहेरचा आंबा रत्नागिरीच्या नावाने खपतो हे आपल्याला माहीत आहे. ओळखीच्या माणसाकडून पेटी आली की तो प्रश्न उरत नाही.

मग मी काउंटरवर एक वही ठेवली. गणपतीला चाकरमानी येतात, शिमग्याला येतात. बिल झालं की नाव, गाव आणि नंबर लिहून घ्यायचा, मेसेज पाठवला तर चालेल ना, हेही विचारायचं. आणि त्यांच्यासमोरच माझा नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून घ्यायचा. ही शेवटची गोष्ट विसरू नका. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. बरेच जण "ब्रॉडकास्ट चालत नाही" म्हणतात, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. मी वर्षाला पाच-सहा मेसेज पाठवतो. रोज गुलाबाचं फूल आणि सुप्रभात पाठवाल तर लोक ब्लॉक करतील, मी पण करतो.

रील करू नका असं नाही. करा. पण २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा ज्यांचा सगळा धंदा त्यावरच्या फॉलोअरवर उभा होता त्यांच्या हातात एकाही गिऱ्हाइकाचा नंबर नव्हता. रील बघून आलेल्या माणसाला वहीत उतरवा. गूगल मॅपवर दुकान टाका, फुकट आहे. घाटात जाणारा पर्यटक तिथेच शोधतो. वेळ मात्र खरी टाका, बंद दुकानासमोर आलेला माणूस परत येत नाही. खाण्याचा माल पाठवत असाल तर एफएसएसएआयची नोंदणी आणि नीट लेबल हवंच. आणि "पैसे पाठवलेत, पिन टाका" असं कुणी म्हटलं तर फोन ठेवा. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

आज वहीत तीनशे ऐंशी नावं आहेत. गंमत म्हणजे त्यातली कितीतरी जुन्या वसाहतीतली. आता कुणी कराडला, कुणी साताऱ्याला, कुणी पुण्यात. एकाने दुसऱ्याचा नंबर दिला, असं करत सापडत गेली. गाळा भाड्याने द्यायचं आता कुणी बोलत नाही. पार्सल बांधताना वडील पत्त्यावरचं आडनाव वाचतात आणि म्हणतात, "हे होय! यांची उधारी राहिल्ये अजून."