विनोदी संगीतिका आणि मराठी संगीत नाटक

झाशीचे अधिपती गंगाधरराव नेवाळकर यांना नाटकाचा विलक्षण नाद होता. त्यांनी आपल्या नगरात नाटकशाळा चालविली होती. तिचा आधार राजाची मर्जी हाच होता. बडा बाजारातील वाणी किंवा कासार हा तिचा आश्रयदाता नव्हता. १८५३ मध्ये गंगाधररावांचे निधन झाले व पुढील वर्षी संस्थान खालसा झाले. योगायोग असा की, त्याच १८५३ साली सांगलीचे विष्णुदास भावे मुंबईस ग्रँट रोडवरील नाट्यगृहात तिकीट लावून आपले खेळ करीत होते. त्यांचाही आश्रयदाता राजा मरण पावला होता; परंतु त्यांनी बाजारपेठेतील सामान्य माणसाचा आश्रय शोधला. रंगभूमीचा धनी असा बदलला, म्हणजे रंगभूमीवर कोण बोलणार, कोण गाणार आणि कोणाला हसावयाचे, हेही बदलते. विनोदी संगीतिकेचा इतिहास हा मुख्यत्वे याच बदलाचा इतिहास होय.

संगीतिका, म्हणजेच ऑपेरा, हे गाऊन सादर करावयाचे नाटक. इसवी सन १६०० च्या सुमारास इटलीतील फ्लॉरेन्स येथे सरदारांच्या घरच्या मंगलप्रसंगी हा प्रकार उदयास आला. १६३७ मध्ये व्हेनिस येथे तिकीट घेऊन प्रवेश देणारे पहिले संगीतिकागृह उघडले. तरीही गंभीर संगीतिकेत प्राधान्य होते ते देवांना, राजांना व वीरपुरुषांना. नोकर, मोलकरीण, म्हातारा कंजूष, ढोंगी वैद्य ही मंडळी दोन अंकांच्या मधल्या वेळात येत. या मधल्या विनोदी प्रवेशांना ‘इंटरमेझो’ म्हणत.

नेपल्स येथे १७३३ मध्ये पेर्गोलेसी या तरुण संगीतकाराने असेच दोन प्रवेश रचले. त्यांचे नाव ‘ला सेर्वा पाद्रोना’, म्हणजे ‘मोलकरीण झाली मालकीण’. पात्रे अवघी तीन, आणि त्यांतलेही एक मुके. सेर्पिना नावाची चलाख मोलकरीण आपल्या धन्याला युक्तीने लग्नास राजी करते, एवढेच कथानक. ज्या गंभीर संगीतिकेच्या पोटात हे प्रवेश बसविले होते, ती विस्मृतीत गेली. मोलकरीण मात्र युरोपभर फिरली. १७५२ मध्ये एका इटालियन मंडळीने पॅरिस येथे तिचे प्रयोग केले, तेव्हा इटालियन विनोदी संगीत श्रेष्ठ की फ्रेंच दरबारी संगीत श्रेष्ठ, या प्रश्नावर विद्वानांत मोठे पत्रकयुद्ध जुंपले. रूसोसारखा विचारवंत इटालियन पक्षाच्या बाजूने त्यात उतरला. वाद वरवर सुरांचा होता. परंतु रंगभूमीवर साध्या माणसाला स्थान असावे की नसावे, हा प्रश्न त्याच्या मुळाशी होता.

या प्रकाराचा उत्कर्ष मोझार्टच्या ‘फिगारोचे लग्न’ या संगीतिकेत दिसतो. तिचा पहिला प्रयोग १७८६ मध्ये व्हिएन्ना येथे झाला. नोकर फिगारो व मोलकरीण सुझाना यांचे लग्न ठरले आहे आणि मालक उमरावाची सुझानावर वाईट नजर आहे. दुसऱ्या अंकाच्या अखेरीस सुमारे वीस मिनिटे संगीत अखंड चालते. प्रथम उमराव व त्याची पत्नी भांडतात. मग एकेक पात्र प्रवेश करते आणि शेवटी सात जण एकाच वेळी, परंतु आपापले निरनिराळे मनोगत गाऊ लागतात. गद्य नाटकात सात माणसे एकदम बोलली तर केवळ गोंगाट होईल. संगीतात मात्र तोच गोंधळ सुसूत्र होतो आणि हास्यकारक ठरतो. येथे गाणे ही कथेची सजावट नव्हे, गाण्यातच कथा पुढे सरकते.

मराठी विद्यार्थ्याला हा प्रकार सर्वस्वी परका वाटू नये. फ्रेंच व जर्मन विनोदी संगीतिकांत गाण्यांच्या मध्ये गद्य संभाषणे असत. मराठी संगीत नाटकाची ठेवणही तशीच आहे. भाव्यांच्या खेळांत पदे गाण्याचा भार सूत्रधारावर असे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हा पात्रे स्वतः गाऊ लागली. त्यांचे ‘सौभद्र’ १८८२ मध्ये रंगभूमीवर आले. कथा महाभारतातील, पण वातावरण घरगुती लग्नाच्या घोटाळ्याचे. बलराम आपल्या बहिणीचे लग्न दुर्योधनाशी ठरवतो आणि संन्याशाच्या वेषातील अर्जुनाच्या सेवेस तिला आपणच पाठवतो. साक्या, दिंड्या आणि लावणीच्या वळणाच्या चाली प्रेक्षकांच्या कानांत आधीच रुळलेल्या होत्या. त्यामुळे देवादिकही शेजारच्या घरातील माणसांसारखे वाटू लागले.

युरोपीय विनोदाशी थेट नाते सांगणारे नाटक म्हणजे गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संशयकल्लोळ’. मोलिएरच्या १६६० मधील एका फ्रेंच प्रहसनावरून आर्थर मर्फी याने १७६१ मध्ये इंग्रजी नाटक रचले. देवलांनी ते १८९३ च्या सुमारास गद्य रूपात मराठीत आणले आणि आयुष्याच्या अखेरीस त्यास पदांची जोड दिली. १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले. एका तसबिरीवरून संशयाचा वणवा पेटतो. फाल्गुनराव व अश्विनशेट ही पुरुषपात्रे महिन्यांची, तर कृत्तिका व रेवती या स्त्रिया नक्षत्रांची नावे धारण करतात. नाव ऐकताच हा खेळ आहे, हे प्रेक्षक जाणतो. तथापि फाल्गुनरावाचा मत्सर खरा आहे, म्हणूनच हसू येते.

या प्रकाराला धोकाही अंगभूत आहे. प्रेक्षक गाण्यावर लुब्ध होतात, ‘वन्स मोअर’ची मागणी करतात आणि गायकनट तेच पद पुन्हा आळवतो. बालगंधर्वांच्या काळी या हौसेपायी नाटके रात्रभर चालत. इटलीतही गायकांच्या अशाच हट्टाबद्दल तक्रारी होत असत. गीत मोठे होते, पण तोवर कथा थांबून राहते. आणि थांबलेल्या कथेत विनोद जगत नाही, कारण विनोदाला नेमकी वेळ साधावी लागते.

म्हणून अभ्यासकाने विनोदी संगीतिका ऐकताना अथवा संगीत नाटक पाहताना तीन प्रश्न मनाशी धरावेत. गाणे सुरू होण्यापूर्वी पात्राला जे ठाऊक नव्हते, ते गाणे संपताना ठाऊक झाले काय? ते पद काढून टाकले तर कथानक अडेल काय? आणि हसू कोणाचे होत आहे, दुबळ्याचे की मिजासखोराचे? सेर्पिनेचे गाणे असो वा संशयी फाल्गुनरावाची फजिती, या प्रश्नांची उत्तरे जेथे समाधानकारक मिळतात, तेथे तिकीट काढून आलेल्या सामान्य माणसाने या कलेला दिलेला आश्रय सार्थकी लागला, असे म्हणता येते.