दुचाकीवर पावलांनाही कवच हवे

शिरस्त्राणाची आठवण आता घरोघरी करून दिली जाते. पावलांचा विचार मात्र चपलेपाशीच थांबतो. दुचाकी कलंडते तेव्हा तिचा भार बहुधा पाऊल आणि घोट्यावर येतो, आणि चप्पल तोवर निसटलेली असते. उतारवयात ठिसूळ झालेली हाडे सहज मोडतात. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला तर सायलेन्सरचा चटकाही वेळेवर जाणवत नाही.

बूट घोट्याची दोन्ही हाडे झाकणारा असावा. टाच व चवड्याचा भाग टणक असावा. हातांनी पिळल्यास तळ सहज मुरडता कामा नये. तळ रबरी व खाचांचा असल्यास ओल्या रस्त्यावर पाय टेकताना आधार मिळतो. वाकणे कठीण असल्यास नाडीऐवजी चेन किंवा वेल्क्रो बरे. ‘ईएन १३६३४’ हे दुचाकीस्वारांच्या पादत्राणांचे युरोपीय मानक आहे. तो शिक्का शोधावा.

खरेदी सायंकाळी करावी, कारण दिवसअखेर पाय किंचित सुजतात. मोजे घालून उभे राहावे. बोटांपुढे सुमारे अर्धा इंच जागा उरावी. मधुमेहींनी बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवावा व काढल्यावर तळपाय तपासावेत. दृष्टी अधू असल्यास हे काम घरच्यांनी करावे. मागे बसणाऱ्या आजींनाही हे सारे लागू आहे.

चटका बसल्यास २० मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली पाय धरावा. टूथपेस्ट वा हळद लावू नये. मधुमेहींनी लहानसा फोडही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा.